सासू मला बोलली

लहान मुलांच्या बाकावर मोठ्या बाईने कसं बसायचं, हे कुणी शिकवत नाही. पाय आत जात नाहीत, आणि गेलेच तर बाहेर निघत नाहीत. डोंबिवली पूर्वेला एका प्राथमिक शाळेच्या खोलीत आम्ही दुपारच्या बायका बसायचो त्या अशा, एक पाय आत आणि एक पाय बाहेर. सकाळची शाळा सुटली की ती खोली रिकामी व्हायची. फळ्यावर कधी बदकाचं चित्र उरलेलं असायचं, ते पुसून बाई आमचा विषय लिहायच्या.

टीव्हीवर रविवारी सकाळी पौराणिक मालिका लागली की रस्ते ओस पडायचे, तेव्हाची ही गोष्ट. वर्ग होता अर्धवट शिकलेल्या बायकांचा. कुणी सातवीत शाळा सोडलेली, कुणी नववीत. बाहेरून दहावीला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागे. आम्ही फॉर्म वगैरे म्हणतच नसू. "तुम्ही पण सतरा नंबर का?" एवढं विचारलं की समोरचीचं निम्मं आयुष्य कळायचं.

मी ठाण्याजवळच्या बाळकुमची. माहेर खाडीवरचं, मासेमारीवर जगणारं. सातवी झाली, घरी बसले, लग्न झालं आणि डोंबिवली पश्चिमेला खाडीकडच्या वस्तीत आले. म्हणजे खाडी तीच, मी फक्त वरच्या अंगाला सरकले. वाचायची गोडी मला लागली ती मोठ्या मुलाच्या पुस्तकांमुळे. तो तिसरीत गेला, पुस्तकं घरी आली, त्याने ती उघडायच्या आत मी वाचून संपवली. मग चौथीची, मग शेजारणीच्या मुलाची सातवीची. असं करत करत मला वाटायला लागलं की आपण उगाच घरी बसलो. त्यात आमच्या वस्तीत बालवाडी निघणार, तिला दहावी झालेली बाई हवी, अशी बातमी आली. ती बालवाडी पुढे भलतीकडेच निघाली आणि तिथे दुसरीच कुणी लागली. पण तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. दहावी व्हायचं.

हे सगळं चालायचं सासूच्या जिवावर. ती सकाळी स्टेशनजवळच्या बाजारात मासे घेऊन बसायची आणि दुपारी एकच्या सुमाराला घरी यायची. आठवड्यातून तीन दिवस, सोमवार, मंगळवार आणि शुक्रवार, दोनला मी रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेला वर्गाला निघायचे. आमच्या चाळीत पाणी यायचं तीनला, तेही जेमतेम पाऊण तास. ते भरायला आणि धाकट्या लेकीला सांभाळायला घरात बाई हवीच. सासूने पाणी भरलं तर माझी दहावी, नाही भरलं तर नाही. इतकं सरळ होतं ते.

तिने कधी कुरकूर केली नाही. वर्गाचं काढलं तेव्हा तिने एकच विचारलं होतं, "फी किती?" फी नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग जा."

आमच्या बाई हायस्कुलातून निवृत्त झालेल्या, मूळच्या पुण्याकडच्या. त्यांचे शब्द कसे, धुऊन निळीत घालून वाळवल्यासारखे. शुक्रवारी त्यांचा चर्चेचा तास असायचा. फळ्यावर एक प्रश्न लिहायचा आणि त्यावर प्रत्येकीने उठून काहीतरी बोलायचं. मुलींना सायकल द्यावी का? टीव्ही आल्यापासून घरातलं बोलणं कमी झालं का? बाईने नोकरी करावी का?

"उत्तर पाठ करून येऊ नका," बाई सांगायच्या. "उभ्या राहा आणि बोला. चुकलं तरी चालेल. निबंध आधी तोंडात यायला हवा, मग तो हातात येतो."

सुरुवातीला बाकीच्या पदर नाकाशी धरून बसायच्या. नाव पुकारलं की शेजारणीकडे बघायच्या. मी पहिल्याच शुक्रवारी उभी राहिले. मला बोलायचं भय कधीच वाटलं नाही. लहानपणी ठाण्याला जत्रेच्या गर्दीत हरवले होते, तेव्हा आईने मला शोधलं ते माझ्या ओरडण्यावरून. पुढे तिच्या शेजारी बाजारात बसून तो आवाज आणखी वाढला. असा आवाज बंद खोलीत किती होतो, याची मला कल्पना नव्हती. बाई म्हणाल्या, "जरा हळू, पलीकडे इमारतीत लोक दुपारचे झोपतात." पण त्या खूश होत्या, ते दिसत होतं. कुणीच हात वर करेना की त्या माझ्याकडे बघायच्या. मी उभी राहायचेच.

आता चर्चेत नुसतं आपलं मत सांगून भागत नाही, त्याला काहीतरी आधार द्यावा लागतो. पूर्वेच्या बायका पेपरात आलेलं सांगायच्या, नाहीतर "आमचे हे म्हणतात" अशी सुरुवात करायच्या. आमच्याकडे पेपर येत नव्हता. आणि आमचे हे आंबिवलीकडे कारखान्यात पाळीला जायचे, घरी आले की जेवायचे आणि झोपायचे, त्यांच्या तोंडून आधार देण्याजोगं काही निघत नसे. मग मी सासूचा आधार घ्यायचे. तिला प्रत्येक गोष्टीवर मत होतं, आणि ते ती मला रोज ऐकवायची.

सायकलीच्या शुक्रवारी मी उठून म्हटलं, "माझी सासू मला बोलली, पोरीला सायकल घेशील तर आधी तिला पडायला शिकव."

टीव्हीच्या शुक्रवारी, "सासू मला बोलली, टीव्ही चालू असला की तुझं लक्ष भाकरीवर नसतं."

नोकरीच्या शुक्रवारी, "सासू मला बोलली, नोकरी करशील तर तुझा पगार तुझ्याच हातात ठेव."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या बोलीत 'म्हणणे' हा शब्द फक्त आरतीला आणि गाण्याला. बाकी माणूस तोंडाने जे काही सांगतं ते 'बोलतं'. डॉक्टर बोलले, गोळी जेवणानंतर घे. तो मला बोलला, उद्या येतो. यात राग नाही, लोभ नाही, काही नाही. पूर्वेला तसं नव्हतं. तिकडे एखादीला सासू 'बोलली' म्हणजे ती टाकून बोलली, मनाला लागेल असं बोलली. त्यांचं मला ठाऊक नव्हतं, आमचं त्यांना ठाऊक नव्हतं. आणि जूनपासून गणपतीपर्यंत आम्ही एकमेकींशी मोठ्या जोरात मराठीत चर्चा करत होतो.

माझ्या बाकावर शेजारी बसायची ती साताऱ्याकडची, तिचा नवरा बँकेत. मी तिला ताई म्हणायचे. फार मायाळू बाई. एकदा बाई यायच्या होत्या, तेवढ्यात तिने हळूच विचारलं, "रोज बोलतात का हो तुम्हाला सासूबाई?"

"रोज! सकाळी उठल्यापासून."

"बाई गं. आणि तुम्ही?"

"मी पन बोलते की! ती एक बोलली तर मी दोन बोलते."

"बरं करता. गप्प नाहीच बसायचं. आणि तुमचे मिस्टर?"

"ते कधीच बोलत नाय. आम्ही दोघी बोलत असलो की ते आपले ऐकत बसतात."

तिने माझ्या हातावर हात ठेवला. "तरी तुम्ही किती हसतमुख असता. मला नसतं जमलं."

"यात काय न जमण्यासारखं? एक दिवस ती नाय बोलली, तर मला जेवन जात नाय."

ती माझ्याकडे बघतच राहिली. पुढच्या शुक्रवारी तिने माझ्यासाठी रव्याचे लाडू आणले. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आणखी एकीने खोबऱ्याच्या वड्या आणल्या. मला वाटलं, पूर्वेच्या लोकांत अशी पद्धत असेल, चर्चेत जास्त बोलेल तिला खाऊ.

तो नोकरीचा शुक्रवार मात्र त्यांना कोड्यात टाकणारा होता म्हणे. पगार तुझ्याच हातात ठेव, हे सासू रागावून कसं सांगेल? त्यावर बायकांनी आपसात ठरवून टाकलं की तो टोमणा असणार. हे अर्थात मला नंतर कळलं.

गणपती झाले आणि एका शुक्रवारी दुपारी शिंगाळा मासा साफ करताना त्याचा काटा माझ्या तळहातात गेला. शिंगाळ्याचा काटा विषारी असतो, हात टम्म फुगतो आणि रात्रभर ठणकतो. सासूने हळद भरून जुन्या लुगड्याचा धडपा गुंडाळून दिला. तसाच हात घेऊन मी वर्गात गेले.

"हे काय करून घेतलंत?" बाईंनी विचारलं.

"मासे साफ करताना लागलं. घाई झाली."

"कसली एवढी घाई?"

"सासू बोलली ना मला, लवकर आटप, दोन वाजतील."

बाईंनी खडू खाली ठेवला. फळ्यावर त्या दिवशी 'एकत्र कुटुंबाचे फायदे व तोटे' असा विषय होता. फायद्यांवर कुणीही उठलं नाही. मी एकटीच उठले, हाताला धडपा बांधलेला, आणि एकत्र कुटुंबाचे फायदे सांगू लागले, तर मागच्या बाकावरच्या एका बाईने डोळे पुसले. मला वाटलं, माझं बोलणं फारच प्रभावी व्हायला लागलं आहे.

पुढच्या आठवड्यात बुधवारी मी आईला बघायला बाळकुमला गेले होते. त्या दुपारी बाई आणि ताई पूल ओलांडून, विचारत विचारत आमच्या घरी आल्या. काय झालं ते मला पुढे दोन्ही बाजूंकडून कळलं आणि गंमत अशी, की दोन्ही बाजूंनी अगदी तंतोतंत तेच सांगितलं. सासू ओटीवर सुकट निवडत बसली होती. तिने सूप बाजूला सारलं, दोघींना खाटेवर बसवलं, चहा केला. बाईंनी चहा घेतला. मग कपबशी खाली ठेवून अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, तुमची सून गुणी आहे हो. तिला बोलू नका." सासूने रिकाम्या कपबशा उचलल्या. त्या दोघी निघाल्या. भांडण नाही, आवाज नाही. चहा चांगला झाला होता असंही बाई म्हणाल्या.

संध्याकाळी मी घरी आले तर सासू दारात बसली होती. "आलीस का" नाही, "आई कशी हाय" नाही. ताट वाढलं, ताट उचललं. मला वाटलं, उशीर झाला म्हणून रागावली. पण रागावली की ती बोलते, गप्प बसत नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मी समोर चुलीशी, ती इथे हाताभरावर, आणि धाकटीला सांगते, "तुझ्या आईला सांग, मीठ संपलं." धाकटीला मोठी मौज वाटली. ती माझ्याकडे वळून ओरडायची, "आई, मीठ संपलं!" मी म्हणायचे, "आजीला सांग, आणते." ती परत वळायची. एवढ्याशा खोलीत त्या पोरीची मान दुखायची वेळ आली.

नवऱ्याच्याही लक्षात आलं. "दोघी का बोलत नाय?" त्याने विचारलं.

"तुम्ही कधीपासून बोलायला लागलात?" मी म्हटलं. तो परत गप्प झाला.

त्या शुक्रवारी दोन वाजले तरी सासू बाजारातून आली नाही. तीनला पाणी आलं, मी भरलं. ती आली पाच वाजता, रिकामी टोपली घेऊन. टोपली रिकामी म्हणजे मासे कधीच विकून झाले होते, ती नुसती बसून राहिली होती. मग रोजच तसं सुरू झालं. माझा वर्ग बुडायला लागला. फॉर्म त्याच महिन्यात जायचे होते, आणि जी वर्ग बुडवेल तिचा फॉर्म मी पाठवणार नाही, असं बाईंनी सुरुवातीलाच बजावलं होतं. म्हणजे वर्षभर तरी दहावी गेली. आणि पुढच्या वर्षीसुद्धा पाणी तीनलाच येणार होतं.

शेवटी एके सकाळी मी तिच्यापुढे जाऊन बसले. "आई, माझं काय चुकलं ते तरी सांग."

तिने धाकटीला जवळ ओढलं. सासूचं बोलणं मी इथे जरा सोपं करून लिहिते, नाहीतर वाचणाऱ्याला अर्थ लागायचा नाही. "तुझ्या आईला सांग," ती म्हणाली, "तिची शालेतली बाई घरी येऊन गेली. एवढी शिकलेली बाई, माझा चहा प्याली आनि मला बोलली, सुनेला बोलू नका. मग नाय बोलत. हिनंच सांगितलं असेल तिला, सासूचं तोंड बंद करा. आनि जिच्याशी बोलायचं नाय, तिचं पानी मी कशाला भरू?"

धाकटीला एवढं लांबलचक सांगता येईना. ती म्हणाली, "आई, पानी नाय."

बाईंनी असं सांगावं? सासू-सुनांनी एकमेकींशी बोलू नये, हे कुठल्या पुस्तकात लिहिलं आहे? दर शुक्रवारी आम्हाला 'बोला, बोला' सांगायचं आणि आमच्या घरी येऊन म्हातारीला गप्प करायचं? माझं डोकंच फिरलं. त्या शुक्रवारी मी पाण्याचा नाद सोडला. हंडे तसेच कोरडे ठेवले, धाकटीला कडेवर मारली आणि तडक पूर्वेला गेले.

वर्ग सुरू झाला होता. मी बाकावर बसलेच नाही. दारातूनच म्हटलं, "बाई, तुम्ही माझ्या सासूला बोललात?"

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "छे छे! मी त्यांना कशाला बोलेन? अगदी सौम्यपणे सांगितलं."

"काय सांगितलं?"

"एवढंच म्हणाले, की सुनेला बोलू नका."

"म्हंजे बोललात की!"

"अहो नाही बोलले. म्हणाले."

"तेच की! आणि तेव्हापासून ती बोलत नाय."

"मग चांगलंच झालं ना?" ताई बाकावरून म्हणाली.

"चांगलं? बोलत नाय, यात चांगलं काय? तुमची सासू बोलायची बंद झाली तर तुम्हाला चांगलं वाटेल?"

"म्हणजे काय!" तीन-चार जणी एकदम म्हणाल्या.

"मला नाय वाटत चांगलं. घर कसं खायला उठतं. मीठ संपलं हे पोरीकडून सांगते ती. माझ्याशी एक शब्द बोलत नाय."

बाईंनी हात वर केला. "थांबा. तुम्हाला बोलत नाहीत, की तुमच्याशी बोलत नाहीत?"

"दोन्ही नाय!"

बाईंनी डस्टर घेतलं आणि फळ्यावरचा विषय पुसून टाकला. तिथे दोन शब्द लिहिले, एका बाजूला 'बोलणे', एका बाजूला 'म्हणणे'. मग माझ्याकडे वळल्या, आणि परीक्षेत तोंडी विचारावं तसं एकेक विचारू लागल्या.

"तुमच्या सासूबाई सायकलीबद्दल तुम्हाला बोलल्या. म्हणजे रागावल्या?"

"सायकलीवर कोण कशाला रागावेल? सायकल घेतलीच नाय अजून."

"मग ते नोकरीचं?" ताईने विचारलं. "तो टोमणा नव्हता?"

"टोमणा कसला? ती स्वतः आयुष्यभर तिचा पैसा तिच्या कमरेला लावते. मला तेच सांगत होती."

"आणि लवकर आटप, दोन वाजतील?"

"वर्गाला उशीर होईल म्हणून!"

"बरं, आणि टीव्हीचं? भाकरीचं?"

मी धाकटीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "ते... ते मात्र ती तुमचं बोलली होती."

ताईने कपाळाला हात लावला. "अहो, मग माझे लाडू?" ती म्हणाली, आणि वर्ग असा हसला की पलीकडच्या इमारतीतले झोपलेले लोक खात्रीने उठले असतील. त्या दिवशी प्रत्येकीला काहीतरी सांगायचं होतं. जी जूनपासून पदराआड बसली होती तीही उठली आणि आमच्या गावाला 'म्हनली' असं बोलतात, तर इथे सगळे हसतात, म्हणून मी उठत नाही, असं म्हणाली. बाईंनी फळ्यावर तिसरा शब्द लिहिला. तास संपला तरी कुणी हलेना. मी मात्र एकदाच बोलले, बाकी ऐकत होते. चर्चा छान झाली हे खरं, पण घरी माझे हंडे कोरडे होते.

"मी येऊन त्यांची क्षमा मागते," निघताना बाई म्हणाल्या.

घरी येऊन मी सगळं समजावून सांगितलं. सासूने ऐकलं. मग धाकटीला म्हणाली, "तुझ्या आईला सांग, एकदा आली ती पुरे. परत नको."

"अगं, त्या बोलू नका बोलल्या, म्हंजे रागावू नका बोलल्या."

"बोलनं म्हंजे बोलनं," ती धाकटीला म्हणाली. "रागवायचं असेल तर रागावली बोलायचं. असं काय करतात ती मानसं?"

तिथेच विषय संपला. मी मनात धरून चालले की यंदाचा फॉर्म गेला.

पुढच्या शुक्रवारी ती बाजारातून बारालाच आली. अंग धुतलं, लग्नाकार्याला नेसायचं हिरवं लुगडं काढलं, केसात अबोलीची वेणी घातली. शेजारणीला हाक मारून सांगितलं, "माझे हंडे तेवढे लाव गो नळाला." दोन वाजता पायात चपला घातल्या.

"आज कुठे?" मी विचारलं.

"तुझ्या आईला सांग," ती धाकटीला म्हणाली, "वर्गाला."

पुलावरून ती पुढे, मी धाकटीला घेऊन मागे. एक शब्द नाही.

वर्गात शिरल्यावर ती शेवटच्या बाकावर गेली, आणि काय करणार, एक पाय आत एक पाय बाहेर करून बसली. सगळ्या माना मागे वळल्या. बाई पुढे झाल्या, "या मावशी, बसा." फळ्यावर काहीतरी विषय होता, तो आता मला आठवत नाही. बाईंनी हजेरी घेतली आणि नेहमीसारखं विचारलं, "कोण सुरुवात करतंय?"

माझा पाय बाकातून निघायच्या आत सासू उभी राहिली. तिला हात वर करायचं कुणी शिकवलं नव्हतं. आवाज माझ्याहून मोठा.

"फल्यावर काय लिहिलंय ते मला वाचता येत नाय. मी माझं सांगते. मी हिला रोज बोलते. पन मी हिला बोलली नाय. एकदा बोलली, ती भाकरी जलली तेव्हा."

बायका हसल्या. गिऱ्हाईक घासाघीस करून दमायची वाट बघावी, तशी ती त्यांचं हसणं संपायची वाट बघत उभी राहिली.

"बाई, तुम्ही माझ्या घरी आलात, मी बसवलं. तुम्ही मला इचारायचं होतं, मावशी, तू सुनेला काय बोलतेस? मी सांगितलं असतं. इचारलं नाय तुम्ही."

"नाही विचारलं," बाई म्हणाल्या. "विचारायला हवं होतं."

सासूने मान हलवली. तेवढं तिला पुरलं असावं, कारण तिने लगेच पुढचं काढलं. "आता एक सांगा. परीक्षेत काय लिहायचं असतं? बोलली, का म्हनाली?"

"परीक्षेत 'म्हणाली'."

"बोलली लिहिलं तर मार्क कापतात?"

"तपासणाऱ्यावर असतं. पण कापतीलही."

तिने केसातली वेणी सारखी केली. सबंध वर्ग तिच्याकडे बघत होता, बाई धरून. माझं तर सगळं तिच्या पुढच्या शब्दावर लटकलं होतं.

"मग इथं तिला म्हनू दे," सासू म्हणाली. "घरी आली का बोलू दे." आणि खाली बसली.

मार्चमध्ये पेपरात मी जपून सगळीकडे 'म्हणाली' लिहिलं. मराठी सुटलं, गणित दुसऱ्या खेपेला सुटलं. चर्चेच्या तासाला मी पुढेही दर शुक्रवारी उठत राहिले, मात्र सासूचा आधार घेतला की ताई मध्येच विचारायची, "तुमचं की आमचं?" आणि मी उत्तर देऊन पुढे जायचे. आता लिहिताना हात आपोआप 'म्हणाली' लिहितो. कुणी घरचं भेटलं की तोंडाला आपोआप 'बोलली' येतं. त्याचा मला कधी त्रास झाला नाही.

पण सासू वर्गात आली त्या शुक्रवारी संध्याकाळी आम्ही परत निघालो. पुलाच्या पायऱ्या चढताना मी धाकटीला खाली ठेवून हात झटकला, तळहात अजून जरा ठणकत होता. सासूने ते पाहिलं.

"शिंगाला कसा धरायचा ते तुला किती वेला सांगितलं मी?" ती म्हणाली. धाकटीला नाही, मला. "शेपटीकडनं नाय, डोक्यामागं अंगठा. ऐकशील तर शपथ. आनि आई कशी हाय तुझी? इतके दिवस झाले, सांगितलंस का मला? मीठ आनलंस ते खडे का आनलंस? आनि घरातलं सगलं त्या बायकांना कशाला सांगत बसतेस गो तू? सायकलीचं सांगायचं, भाकरीचं कशाला सांगायचं?"

पूल संपून पश्चिमेला उतरेपर्यंत ती मला बोलत होती, दोन्ही अर्थांनी. मी धाकटीचा हात धरून ऐकत होते. शेवटच्या पायरीवर ती थांबली, लुगड्याचा घोळ सारखा केला आणि विचारलं, "फॉर्म कधी जातो?"

"सोमवारी. बुडालेले तास बाईंनी माफ केले, पैसे आणि फोटो घेऊन बोलावलंय."

"दोन वाजता?"

"दोन वाजता."

"मग सोमवारी मी एक वाजताच घरी येते," ती म्हणाली, आणि मासळीबाजाराच्या अंगाने घराकडे चालू लागली.